‘व्यसन’ शब्दाचे दोन अर्थ : सुधाकर, देवदास आणि रत्न

पश्चिम बंगळूरमधील राजाजीनगर ह्या वस्तीत मराठी आणि कन्नड ह्या दोन भाषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरात मराठी भाषकांचा वावर आहे. १९४६ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी ह्याच परिसरालगत उभी राहिली आणि त्या जुन्या वस्तीत महाराष्ट्रातून आलेल्या काही कुटुंबांची भर पडली. संस्कृतातून आलेला एक शब्द ह्या दोन्ही भाषांत रूढ आहे : ‘व्यसन’. मराठी माणूस तो दारू, जुगार, तंबाखू ह्यांच्या संदर्भात वापरतो. कन्नड बोलणारा जुन्या पिढीतला माणूस मात्र कोणाच्या निधनाची वार्ता ऐकून आपल्याला ‘व्यसन’ झाले असे म्हणतो, तेव्हा त्याला केवळ आपले दुःख सांगावयाचे असते. दारूच्या सवयीसाठी त्याच्यापाशी वेगळा शब्द आहे, ‘चट’. मराठीतल्या ‘चटक’ ह्या शब्दाची आठवण करून देणारा.

संस्कृतात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. बांधव कोणास म्हणावे हे सांगणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितात ‘व्यसन’ म्हणजे आपत्ती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे आठवे अधिकरण व्यसनांना वाहिलेले आहे. त्यात राज्यावर कोसळणारी संकटे जशी येतात तसेच राजाचे दोषही येतात. कामातून उद्भवणाऱ्या दोषांत मृगया, द्यूत आणि स्त्री ह्यांच्याबरोबर मद्यपानाची गणना आहे. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी व्युत्पत्ती कौटिल्य देतो. फेकणारी गोष्ट बाहेरून आली की आतून, हा भेद त्या व्युत्पत्तीत नाही. मराठीने ह्या जोडअर्थातला दोष ठेवला आणि दुःख सोडून दिले. कन्नडने दीर्घकाळ दुःख जपले. दोन भाषांनी एका शब्दाची अशी वाटणी करून घ्यावी, हा कोशकारांच्या कुतूहलाचा विषय खराच. तथापि तरुण वयातील अतिरेकी मद्यपान आणि मनाचा क्लेश ह्यांच्या परस्परसंबंधाचा विचार भारतीय भाषांतील साहित्यात कसा झाला, हे पाहू लागल्यास ही वाटणी केवळ कोशापुरती राहिली नाही असे ध्यानात येते. आधी दुःख की आधी दारू, ह्या प्रश्नाभोवती मराठी, बंगाली आणि कन्नड साहित्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन तरुण उभे केले : सुधाकर, देवदास आणि रत्न.

राजाजीनगरचे नावही ह्या प्रश्नाशी निगडित आहे. ज्यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते ते चक्रवर्ती राजगोपालाचारी भारताचे अखेरचे गव्हर्नर जनरल म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चिवट आग्रह मात्र दारूबंदीचा होता. तिरुचेंगोड येथील आपल्या गांधी आश्रमातून त्यांनी १९२९ साली ‘विमोचनम्’ हे केवळ दारूबंदीच्या प्रचाराला वाहिलेले तमिळ मासिक काढले. पुढे तमिळ कादंबरीकार म्हणून विख्यात झालेले कल्कि त्यात त्यांचे सहकारी होते. मद्रास प्रांताचे प्रधानमंत्री होताच १ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली, आणि बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी १९३९ साली विक्रीकर आणला. १९७१ साली तमिळनाडू शासनाने बंदी उठवावयाचे ठरवले तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या ह्या वृद्धाने तो निर्णय मागे घ्यावा म्हणून मुख्यमंत्री करुणानिधींची भेट घेऊन विनवणी केली. राजाजींच्या विचारव्यूहात दारू हे कारण होते. दारिद्र्य, कलह, उद्ध्वस्त घरे हे तिचे कार्य. बाटली काढून घ्या, दुःख आपोआप हटेल, असा त्याचा मथितार्थ. गरीब स्त्रियांच्या हालांकडे पाहून बनलेल्या ह्या भूमिकेत करुणा आहे, हे मान्यच करावयास हवे. पण पिणाऱ्याच्या मनात पेल्यापूर्वी काय चालले होते, ह्या चौकशीला तीत जागा नाही.

मराठीत ती जागा राजाजींच्या सेलमपूर्वी वीस वर्षे एका नाटककाराने करून ठेवली होती.

राम गणेश गडकरी ह्यांनी ‘एकच प्याला’ १९१७ च्या सुमारास लिहिले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गडकऱ्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर महिन्याभराच्या आत, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग केला. तत्पूर्वी मद्यनिषेधाचा विषय मराठी रंगभूमीला अपरिचित होता असे नव्हे. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांच्या ‘मूकनायका’त तो आला होता. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले आणि मद्यपान हा राजकीय प्रश्न बनला. १९१३ साली खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’त शुक्राचार्य मद्याच्या पेल्यातून शिष्याची राख पिऊन बसले आणि अखेर त्यांनी मद्याचा धिक्कार केला. मात्र शुक्राचार्य ज्ञानवृद्ध आहेत. त्यांचे पिणे हे थोरांच्या ठिकाणचे वैगुण्य आहे, आणि ते का पितात हा प्रश्न खाडिलकरांना फारसा पडत नाही. गडकऱ्यांनी पौराणिक आवरण दूर केले आणि आपल्या काळातला एक तरुण वकील रंगमंचावर आणला.

सुधाकराची पूर्वपीठिका नाटकाच्या रचनेत फार महत्त्वाची आहे. तो पोरका आहे. दारिद्र्यातून केवळ बुद्धीच्या बळावर वर आला आहे. त्याला आधार आहे तो आपल्या बुद्धीच्या अभिमानाचा, आणि हा आधार इतका एकाकी आहे की तो ढळताच खाली दुसरे काही नाही. न्यायालयात अपमान झाला असे वाटताच त्याचा तोल सुटतो आणि परिणामी त्याची सनद काही काळासाठी रहित होते. ह्या मानहानीच्या क्षणी त्याचा कारकून तळीराम पहिला पेला पुढे करतो. तो करमणुकीसाठी नाही, मैत्रीखातरही नाही. विसर पडावा म्हणून. तळीरामाची ही शिफारस वैद्याच्या थाटाची आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. दुःखावरचे औषध म्हणून दारू घरात येते. १९८५ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन ह्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार व्यसनी व्यक्ती आपल्या असह्य मानसिक अवस्थेवर स्वतःच औषधयोजना करीत असते. त्या उपपत्तीचे नाट्यरूप सत्तर वर्षे आधी लिहिले गेले असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

तो मोह अर्धाच खरा आहे. गडकऱ्यांचे निरीक्षण तेथे थांबत नाही. पहिल्या पेल्यामागे मानभंग आहे, हे स्पष्टच. पण मधल्या अंकांत सुधाकराला छळते ती सनद नव्हे. आपल्या पिण्याची लाज छळते. घर मोडते, सिंधू जात्यावर दळण दळू लागते, सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरीच्या शोधात बाहेर पडतो आणि जुने परिचित त्याला दारुड्या म्हणून झिडकारतात. पुन्हा अपमान, पुन्हा पेला. पहिला अपमान दारूपूर्वीचा होता, हा दारूमुळे झालेला आहे. सुधाकर मित्र रामलाल ह्याच्यापुढे मद्यपीच्या अवस्थांचे जे विवेचन करतो त्यात तो स्वतःला बाहेरून पाहणाऱ्या निरीक्षकाइतका निष्ठुर आहे. सुटकेची इच्छा कोणत्या टप्प्यावर शक्य असते आणि ज्या टप्प्यावर ती खरोखर जागी होते तेथे ती का निरुपयोगी ठरते, हे तो तर्कशुद्धपणे उलगडून दाखवतो. बुद्धी शाबूत आहे, इच्छाशक्ती नाही. दुःख आणि दारू ह्यांत कार्यकारणाची सरळ रेषा नसून वर्तुळ आहे, आणि त्या वर्तुळात कोठूनही शिरता येते, हे मराठीत पहिल्यांदा ठसठशीतपणे म्हटले गेले ते येथे.

गडकऱ्यांनी त्याच संहितेत एक प्रतिपात्रही ठेवले आहे, त्याची चर्चा मानाने कमी झाली. भगीरथ हाही तरुण, हाही शिकलेला, आणि प्रेमभंगामुळे प्यावयास लागलेला. त्याचे कारण सुधाकराच्या कारणापेक्षा हलके आहे असे म्हणता येणार नाही. तरीही तो वाचतो. रामलालची संगत, त्याने दाखवलेली देशकार्याची दिशा आणि पुढे शरदविषयी वाटणारा जिव्हाळा ह्यांनी त्याला धरून ठेवले. सुधाकराच्या बाबतीत हाच रामलाल अपुरा पडतो. एकाच घरात, एकाच मित्राच्या हाताखाली दोन तरुणांची दोन वेगळी गती का झाली? भगीरथाजवळ गमावण्यासारखी प्रतिष्ठा नव्हती आणि त्याला मदत स्वीकारण्याची लाज वाटली नाही. सुधाकराला दुसऱ्याची मदत हाच अपमान वाटतो. ‘अहंकार’ ह्या एका शब्दात समीक्षकांनी सुधाकराचा दोष अनेकदा बसवला. भगीरथाच्या शेजारी ठेवून पाहिले असता तो दोष नैतिक कमी आणि जडणघडणीतला अधिक दिसतो. पोरक्या मुलाने स्वतःभोवती उभारलेली भिंत ती.

नाटकातले वैद्यकशास्त्र मात्र निव्वळ प्रहसन आहे. तळीरामाच्या अखेरच्या आजारात डॉक्टर आणि वैद्य एकमेकांशी भांडतात. रोग्याकडे कोणाचेच लक्ष नाही. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत समाजसुधारकांच्या सभांची जशी टवाळी आहे तशीच ही उपचारपद्धतींची टवाळी. १९१७ साली पिणाऱ्या तरुणाने जावे असे ठिकाण नव्हते, ही वस्तुस्थिती त्या हास्याखाली आहे.

पुढे नाटकाच्या अभिग्रहणात काय घडले? बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर ह्यांनी प्रयोग गाजवला. विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचलेली पदे सिंधूच्या मुखी घराघरांत गेली. प्रेक्षक रडला तो सिंधूसाठी. हे स्वाभाविकच होते. बाळाचा आणि पत्नीचा घात करणाऱ्या पुरुषासाठी अश्रू ढाळावेत असे त्याला वाटले नाही तर त्याचा दोष नाही. पण ह्या अश्रूंमुळे नाटकाचा तोल सरकला. शीर्षकातला ‘एकच’ हा शब्द पुढे प्रचाराच्या भाषणांत पहिला पेला कसा घातक असतो ह्याचा दाखला म्हणून वावरू लागला. नाटक दारूबंदीच्या बाजूचे साक्षीदार झाले आणि पेल्याआधीचा न्यायालयाचा प्रसंग केवळ निमित्त म्हणून मागे पडला. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली आणि डॉ. गिल्डर ह्यांनी ती राबवली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ह्या काळात मराठीतला ‘व्यसन’ हा शब्द पक्का एकार्थी झाला. कायद्याने पिणाऱ्याला परवाना मागावयास लावले, आणि परवाना मिळण्यासाठी आरोग्याचे कारण दाखवावे लागे. मनाच्या क्लेशाला कागदावर प्रवेश मिळाला तो असा, मागील दाराने आणि पुष्कळदा खोट्या दाखल्याच्या रूपाने.

‘एकच प्याला’ लिहिले जात होते त्याच वर्षी, १९१७ मध्ये, शरच्चंद्र चट्टोपाध्याय ह्यांची ‘देवदास’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती लिहून झाली होती बरीच आधी, लेखकाच्या ऐन तारुण्यात. ह्या दोन संहितांत प्रभावाचा संबंध शोधण्याचे कारण नाही. समांतरता पुरेशी बोलकी आहे. बंगालीत शिकलेल्या मद्यपी तरुणाची परंपरा मराठीपेक्षा जुनी होती. १८६० साली मायकेल मधुसूदन दत्त ह्यांनी आपल्या प्रहसनात नवशिक्षितांच्या ‘सभ्यते’ची चेष्टा केली. १८६३ साली प्यारीचरण सरकार ह्यांनी मद्यनिषेधाची संस्था काढली. १८६६ साली दीनबंधू मित्र ह्यांच्या ‘सधवार एकादशी’त निमचांद अवतरला : इंग्रजी काव्य मुखोद्गत असलेला, बुद्धिमान, आणि आपल्या अधःपाताची पूर्ण जाणीव असलेला. निमचांद आणि सुधाकर ह्यांचे नाते देवदासापेक्षा जवळचे आहे. दोघांच्याही बाबतीत बुद्धी ही सुटकेचे साधन न राहता यातनेचे साधन बनते. फरक असा की निमचांदचे दुःख वसाहतकालीन विद्येच्या वांझपणाचे आहे. ते विनोदाच्या तळाशी राहते, कथानकाचे रूप घेत नाही.

देवदास ह्यांच्याहून निराळा. त्याच्या बाबतीत दुःख आधी आणि दारू नंतर, हा क्रम लेखकाने निःसंदिग्ध ठेवला आहे, आणि त्यामुळेच वाचकाचा न्यायनिवाडा सैल होतो. पार्वतीला नाकारण्याची चूक त्याची स्वतःची आहे. पण एकदा तो पिऊ लागल्यावर पिणे हेच त्याच्या प्रेमाचे प्रमाणपत्र बनते. १९३५ सालच्या प्रमथेश बरुआंच्या बोलपटाने आणि पुढच्या वर्षी सैगलांच्या हिंदी अवताराने हे प्रमाणपत्र भारतभर पोहोचवले. तरुणांच्या दोन पिढ्यांनी विरहात पिणे हे मनाच्या थोरवीचे लक्षण मानले. भगीरथाला जे दुःख आहे तेच देवदासाला आहे. मराठी लेखकाने त्या दुःखातून तरुणाला बाहेर काढले आणि बंगाली लेखकाने पार्वतीच्या दाराशी आणून सोडले. कलादृष्ट्या देवदासाची पकड मोठी, हे मान्य केले तरी क्लेश आणि मद्य ह्यांच्या नात्याविषयी भगीरथाची गोष्ट अधिक खरी आहे. दुःखामुळे पिणारे सगळेच बुडत नाहीत. बुडतात ते का, हा खरा प्रश्न आहे, आणि ‘देवदास’ तो विचारत नाही.

आता कन्नडकडे वळावयाचे. सुधाकर, निमचांद, देवदास हे तिघेही भद्रलोकांतले, पांढरपेशे किंवा जमीनदार. त्यांना मन आहे हे गृहीत धरून त्यांची गोष्ट सांगितली गेली. हातावर पोट असणाऱ्याच्या पिण्यामागे मन असते का? दारूबंदीच्या साहित्यात तो बहुधा मजुरीचा हिशेब म्हणून येतो : इतकी मिळकत, त्यातली इतकी गुत्त्यात. १९३०च्या दशकात जी. पी. राजरत्नम् ह्यांनी ‘येंडकुडुक रत्न’ हे पात्र कन्नड कवितेत आणले आणि ही चौकट मोडली. ‘येंड’ म्हणजे ताडी. रत्न हा ताडी पिणारा, निरक्षर, जुन्या म्हैसूर प्रांतातल्या श्रमिकांची बोली बोलणारा माणूस. त्याची बायको नंजी. तो स्वतःच बोलतो, त्याच्याविषयी दुसरे कोणी बोलत नाही. ‘रत्नन पदगळु’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या कवितांना पुढे म्हैसूर अनंतस्वामींनी चाली दिल्या आणि त्या मद्यपानाचा संदर्भ ओलांडून कन्नड अस्मितेच्या कविता झाल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कवितेत देव समोर येऊन रत्नाला एकेक गोष्ट सोडावयास सांगतो. ताडी सोडावयास तो तयार होतो, बायको सोडावयासही. कन्नड शब्द सोडावयास सांगताच तो देवावरच उखडतो.

ह्या कवितेचे भाषाभिमानी वाचन सर्वपरिचित आहे. मद्यपानाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिच्यातली पहिली पायरी महत्त्वाची. रत्नाला ताडी सोडता येते, किंवा निदान तो तसे म्हणतो. तिच्या जागी धरून ठेवावे असे त्याच्यापाशी दुसरे काही आहे : त्याची बोली, त्याचे पद. सुधाकराजवळ नेमके हेच नाही. वकिली गेली की त्याची भाषाही गेली. उरलेली भाषा केवळ स्वतःच्या ऱ्हासाचे विश्लेषण करण्यापुरती. रत्नाच्या कवितांत विनोद आहे आणि पुष्कळ वाचकांना तो सुखी दारुडा वाटतो. तो तसा नाही. भूक आणि अपमान त्याच्या बोलण्यात सतत आहेत. फक्त त्यांना ‘मनोव्यथा’ असे भारदस्त नाव मिळालेले नाही. मराठीत ही जाणीव यावयास १९७८ उजाडावे लागले. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील गोदीत राबणाऱ्या बापाचे पिणे वाचताना प्रथमच मराठी वाचकाला गुत्त्यातल्या माणसाकडे त्याच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहावे लागले. त्या पिण्यात जातीने केलेली मानहानी किती, गावाकडून शहरात फेकले जाणे किती आणि शरीराचा थकवा किती, हे वेगवेगळे काढता येत नाही.

राजाजीनगरसारख्या कामगारवस्तीच्या संदर्भात हा वर्गभेद केवळ वाङ्मयीन नाही. सरकारी साबण कारखाना १९५७ साली येथे पुणे महामार्गावर आला, औद्योगिक वसाहत झाली, कामगार विमा योजनेचे रुग्णालय झाले. दारूबंदीच्या पुरस्कर्त्याचे नाव लावणाऱ्या ह्या वस्तीचे शहर मात्र मद्यउद्योगाचे केंद्र होते; युनायटेड ब्रुअरीज ही १९१५ सालची कंपनी बंगळूरचीच. जुलै १९८१ मध्ये बंगळूरात विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे मेली. ती बहुतांशी गरीब होती आणि त्यांच्याविषयीची चर्चा मिथेनॉल, ठेकेदार आणि पोलीस ह्यांची झाली. ती काय विसरण्यासाठी पीत होती, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हता. २००७ साली कर्नाटकाने अरक बंद केली. महाग मद्य चालू राहिले, स्वस्त गेले. किर्लोस्करांच्या जुन्या जागेवर आज उंच इमारती आणि मॉल आहेत, आणि तेथील तरुण नोकरदाराचे पिणे ताण घालवण्याचा उपाय म्हणून उघडपणे सांगितले जाते. तळीरामाची शिफारस आता सभ्य झाली आहे.

बंगळूरने ह्या प्रश्नाला दिलेले दुसरे उत्तर वैद्यकीय आहे. म्हैसूर सरकारचे मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था ह्यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली निम्हान्स उभी राहिली. तेथील विवेक बेनेगल ह्यांनी २००५ साली भारतीय मद्यपानाचे जे वर्णन केले त्यात पिणाऱ्यांचे प्रमाण थोडे, पण पिणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे पिणे धोकादायक, असे चित्र आहे. झिंग येईपर्यंत, बरेचदा एकट्याने, आणि सामाजिकतेपासून तुटून पिणे हे त्याचे लक्षण. हे वर्णन वाचताना भट्टीवरचा जमाव आठवत नाही, सुधाकर आठवतो. जी. गुरुराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या बंगळूरमधील आत्महत्यांच्या अभ्यासातही मद्यपान, मानसिक विकार, घरातील कलह आणि हिंसा हे घटक सुटे न आढळता एकमेकांत गुंतलेले आढळले. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार अठरा वर्षांवरील ४.६ टक्के भारतीयांना मद्यजन्य विकार होता, आणि त्यांतील सुमारे ८६ टक्क्यांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नव्हता. गडकऱ्यांच्या प्रहसनातले भांडणारे डॉक्टर आणि वैद्यही त्यांच्या वाट्याला आले नाहीत, असा त्याचा अर्थ.

आधी काय, ह्या मूळ प्रश्नाचे उत्तर शास्त्रानेही सहजासहजी दिलेले नाही. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. फर्ग्युसन, बोडन आणि हॉरवुड ह्यांनी त्यांच्या १७ ते २५ ह्या वयातील माहितीवरून २००९ साली काढलेला निष्कर्ष राजाजींच्या बाजूचा आहे. मद्यविकाराकडून नैराश्याकडे जाणारी वाट ही उलट्या वाटेपेक्षा त्या माहितीशी अधिक जुळते, असे त्यांना आढळले. मद्य पूर्ण थांबवल्यावर काही आठवड्यांतच अनेक मद्यपींचे नैराश्य ओसरते, असे मार्क शुकिट ह्यांच्या अभ्यासातून १९८८ सालीच दिसले होते. तेव्हा पेल्याआधीच्या दुःखाला सर्व काही मानणारे देवदासी वाचन वैद्यकाच्या कसोटीवर फारसे टिकत नाही. ह्याचा अर्थ पेल्याआधी दुःख नव्हते असा मात्र होत नाही. ह्या अभ्यासांचा विषय विकाराचे निदान हा आहे. न्यायालयातून अपमानित होऊन घरी परतणाऱ्या तरुणाची संध्याकाळ निदानात मोडत नाही, आणि साहित्याचा अधिकार सुरू होतो तो तेथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘ऑडिट’ ह्या दहा प्रश्नांच्या चाचणीत पिण्यानंतर अपराधी वाटते का, असाही एक प्रश्न आहे. होकारार्थी उत्तराला त्यात गुण मिळतात. सुधाकराचा मधला सारा भाग ह्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

मराठी प्रदेशात क्लेश आणि मद्य पुन्हा एकत्र पाहिले जाऊ लागले ते संस्थांच्या द्वारा. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण सुरू केले; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांचे अर्थसाहाय्य त्यामागे होते. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि आरंभी गर्दच्या रुग्णांसाठी निघालेल्या ह्या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. पत्नींसाठी तेथे निघालेला ‘सहचरी’ हा गट म्हणजे सिंधूला जात्यावरून उठवून बोलते करण्याचा प्रयत्न होय. गोव्यात ‘संगत’ ह्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर केलेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी थोड्याच भेटींत बोलून मदत केली. तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण त्या गटात ३६ टक्के, तर नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत २६ टक्के होते. फरक दहा टक्क्यांचाच. रामलालला भगीरथ वाचवता आला आणि सुधाकर नाही, ह्याच्याशी हा आकडा विसंगत नाही.

ह्या सर्व इतिहासात पिणारी तरुण स्त्री नाही. सिंधू, गीता, पार्वती, नंजी ह्या सोसणाऱ्या किंवा सोडून दिल्या जाणाऱ्या आहेत. चंद्रमुखीभोवती मद्य आहे, पण त्या कथेत बुडण्याचा अधिकार देवदासाचा. गोव्यातल्या चाचणीतही केवळ पुरुष होते. शहरी तरुणींच्या पिण्याविषयी भारतीय भाषांतील लेखन अजून बव्हंशी तक्रारीच्या किंवा कौतुकाच्या सुरात अडकलेले आहे. सुधाकराच्या तोडीचे, आपल्या अवस्थेकडे बाहेरून पाहणारे स्त्रीपात्र त्यात अद्याप ठळकपणे उभे राहिलेले नाही.

कन्नडमधला ‘व्यसन’ हा शब्दही दरम्यान बदलू लागला आहे. इळकलचे महांत शिवयोगी १९७०च्या दशकापासून खांद्याला झोळी लावून गावोगाव फिरले. भिक्षेत धान्य न मागता ते लोकांना त्यांच्या वाईट सवयी झोळीत टाकावयास सांगत; ‘महांत जोळिगे’ म्हणून हा उपक्रम उत्तर कर्नाटकात सर्वश्रुत आहे. २०१८ साली त्यांचे निधन झाले. १ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस कर्नाटक शासन ‘व्यसनमुक्त दिन’ म्हणून पाळू लागले, आणि राजाजीनगरच्या शाळांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत हा शब्द मराठीतल्या अर्थाने फलकांवर आला. ज्यांच्या बोलण्यात ‘व्यसन’ अजून निधनवार्तेसाठी राखलेले आहे, अशा वृद्ध कन्नड भाषकाला तो फलक दुःखापासून मुक्त होण्याचा दिवस म्हणून वाचता येतो.